चौतीस कुंड्या आणि मावशींचं नाक

झाडं हवा शुद्ध करतात. या वाक्याला विरोध करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. निबंधात हे वाक्य असतं, वनमहोत्सवाच्या भाषणात असतं, आणि आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तर वर्गाच्या दाराशीच 'प्लान्ट्स क्लीन अवर एअर' असा सिस्टरांनी लावलेला तक्ता होता. मग ज्या रीडिंग रूममध्ये चौतीस कुंड्या आहेत, तिथली हवा म्हणजे साक्षात महाबळेश्वर असायला हवी, नाही का? प्रत्यक्षात गेल्या पावसाळ्यात आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या रीडिंग रूमचं दार उघडलं की पहिला हात नाकाकडे जायचा!

(बॉईज हॉस्टेलवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे झाडं नाहीत, तरीही वास आहे. त्यावर स्वतंत्र लेख होईल.)

या कुंड्या आल्या कुठून, ते आधी सांगते. फायनल इयरच्या मुली जाताना खोलीतलं झाड घरी नेत नाहीत. बॅगा, गादी, बादली एवढंच एसटीत मावत नाही, तिथे कुंडी कोण नेणार? मग ती कुंडी मावशींच्या हवाली होते. मावशी म्हणजे आमच्या हॉस्टेलची साफसफाई बघणाऱ्या मावशी. त्यांनी एकेक करत सगळी झाडं रीडिंग रूममध्ये आणून ठेवली. कोणती कुंडी कोणत्या बॅचची, कोणत्या मुलीची, तिचं लग्न कुठे झालं, तिला मुलगा झाला की मुलगी, हे सगळं त्यांना पाठ आहे. आमच्या डायरेक्टरीत नसेल एवढा माजी विद्यार्थिनींचा रेकॉर्ड त्या चौतीस कुंड्यांत आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या रूम पार्टनरला लहानपणापासून दमा आहे. (तिचं नाव छापायचं नाही अशी तंबी मिळालेली आहे.) ओल, बुरशी आणि कोंदट हवेत तिचा श्वास लागतो. जुलैपासून तिने रीडिंग रूममध्ये जाणं बंद केलं. आमच्या खोलीत चौघी, त्यातल्या दोघी फोनवर. मग ही बाई मॅथ्स-थ्रीची तयारी जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली, पायरीवर बसून करायची. निळा पंप कायम शेजारी. शेवटी रेक्टर मॅडमनी विचारलं तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, "मॅडम, झाडं मलाही आवडतात. पण मला आधी श्वास हवा."

मॅडमनी निकाल दिला. गणपतीच्या सुट्टीपर्यंत वास गेला नाही, तर सगळ्या कुंड्या बाहेर. मावशी काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी त्यांनी जिना दोनदा पुसला.

दोघींचंही खरं होतं. एकीची इतक्या वर्षांची माया आणि दुसरीचा श्वास, यात मतदान कसं घेणार? तेव्हा हा प्रश्न इंजिनिअरिंगचा म्हणून घ्यायचा असं आम्ही काही जणींनी ठरवलं.

पहिला प्रश्न: इतकी झाडं असून हवा शुद्ध का नाही?

या समजुतीची गोष्ट बरीच जुनी आहे. १७७१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी बंद काचपात्रात मेणबत्ती विझेपर्यंत जाळली आणि त्या 'बिघडलेल्या' हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत 'नासा'साठी बी. सी. वॉल्व्हर्टन यांनी बंद पेट्यांत घरगुती झाडं ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोइथिलीन या वायूंचं प्रमाण कमी होतं असं दाखवलं. 'हवा शुद्ध करणारी दहा झाडं' छापाच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्यांचं मूळ हे. त्यातली गंमत अशी, की काही प्रयोगांत त्यांनी पंख्याने हवा खेचून सक्रिय कोळशातून आणि मुळांच्या भागातून फिरवली होती. म्हणजे श्रेय एकट्या पानांचं नाही. माती, मुळांजवळचे जिवाणू, कोळसा आणि पंखा यांचंही आहे. यादी करणाऱ्यांनी पंखा गाळला!

पण मुख्य मुद्दा वेगळाच. प्रीस्टलींचं पात्र बंद होतं, वॉल्व्हर्टनची पेटीही बंद होती. आपली खोली बंद नसते. दाराखालून, खिडकीच्या फटीतून हवा सतत आत-बाहेर करत असते. केमिकलवाल्यांना सीएसटीआर म्हटलं की कळेल. इतरांनी असं समजा, की एका पातेल्यात एकीकडून पाणी पडतंय, दुसरीकडून वाहून जातंय आणि मध्ये कोणीतरी ढवळतंय. त्यातली घाण काढायची तर वाहतं पाणी वाढवा. चमच्याने घाण वेचत बसू नका. झाड म्हणजे तो चमचा.

हे माझं मत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी आधीच्या बारा संशोधनांतले १९६ निकाल एकत्र करून हिशोब मांडला. इमारतीत नेहमीच्या हवा-बदलाने जेवढे वायू बाहेर जातात, तेवढे झाडांनी काढायचे तर दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडं लागतील! आमची रीडिंग रूम सहा मीटर बाय पाच मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. कमीत कमी ३०० कुंड्या, जास्तीत जास्त ३०,०००. तेवढ्या ठेवल्या तर अभ्यासाला बसायचं कुठे? (काही जणींना हे कारण आवडलं असतं.)

उलट भीतीही तितकीच पोकळ आहे. 'रात्री झाडं प्राणवायू ओढतात, खोलीत ठेवू नका' असं आजी सांगायची. रात्री झाडं श्वास घेतात हे खरं, पण चार कुंड्या जेवढा घेतात तो एका झोपलेल्या मैत्रिणीपुढे अगदीच किरकोळ. रूम पार्टनर चालते तर मनी प्लांट चालायला हरकत नाही.

थोडक्यात, झाडं आपली हवा साफ करतील ही आशाही नको आणि बिघडवतील हा धाकही नको. मग वास कशाचा? इथे इंजिनिअरिंग संपलं आणि मावशींचं नाक कामाला आलं.

खरं सांगायचं तर माझ्याकडे वासासाठी शब्दच तीन होते: स्मेल, बॅड स्मेल आणि 'यक्'. एका रविवारी मी वही घेऊन मावशींच्या मागे फिरले. त्या एकेका कुंडीवर वाकायच्या आणि सांगायच्या, "ही कुबट. ही आंबूस. ही उग्र. ही बघ, ही कुजली, अंड्यागत येतोय." मी मुकाट्याने लिहून घेतलं. संध्याकाळी पुस्तकं काढून बसले तेव्हा लक्षात आलं, की मावशींचा प्रत्येक शब्द म्हणजे वेगळं निदान आहे.

कुबट म्हणजे बुरशी. मातीचा वरचा थर कायम ओला, त्यावर गळलेली पानं आणि वारा नाही. पांढरट जाळं दिसतंच. पार्टनरच्या दम्याला सगळ्यात वाईट हीच. घरातली ओल, बुरशी आणि दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट मांडलेला आहे.

उग्र म्हणजे कच्चं खत. कोणीतरी प्रेमाने निंबोळी पेंड आणि अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं होतं. बागेत ठीक, बंद खोलीत नाही. पूर्ण मुरलेल्या कंपोस्टला किंवा गांडूळखताला फक्त मातीचा वास येतो. तसा येत नसेल तर ते अजून मुरायचं आहे.

आंबूस आणि कुजका म्हणजे माती गुदमरली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मुळांनाही प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. पोकळीत पाणी भरलं की संपलं, कारण पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पट हळू पसरतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू जोर धरतात. काही आंबवतात, काही सल्फेटवर भागवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच सडक्या अंड्याचा वास. झाड तेव्हा खालून सडत असतं आणि वरून पानं पिवळी पडतात. ती बघून येणारी-जाणारी प्रत्येक जण 'बिचारं तहानलंय' म्हणून बाटलीतलं उरलेलं पाणी ओतते!

आणि चौथा शब्द होता मातकट. तो वाईट नाहीच. हवेशीर मातीत स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू जिऑस्मिन तयार करतात. १९६५ मध्ये त्याला हे नाव मिळालं. पहिल्या पावसाच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. कनौजला तर भाजलेल्या मातीपासून अत्तर काढतात. म्हणजे एकाच मातीचे दोन वास. श्वास घेत असेल तर अत्तर, गुदमरली तर अंडं.

मग आम्ही मोजणी केली. चौतीसपैकी नऊ कुंड्यांना भोकच नव्हतं! आइस्क्रीमचे डबे, पेंटचे डबे, एक चक्क पिचका कुकर. अकरा कुंड्या बशीत साठलेल्या पाण्यात उभ्या. मावशी रोज नेमाने पाणी घालत होत्या. "मला वाटलं पावसाळ्यात सुद्धा माणसाला तहान लागतेच की," त्या म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि बाटल्या ओतणाऱ्यांनी त्यांना विचारलं नव्हतं.

काम दोन रविवार चाललं. ईएनटीसीच्या मुलींनी सोल्डरिंग आयर्न आणली आणि गॅलरीत बसून प्लॅस्टिकच्या डब्यांना भोकं पाडली. (प्लॅस्टिकचा धूर वाईट, हे बंद खोलीत करू नका. आयर्नच्या टोकाचं जे झालं ते लॅब असिस्टंटना कळू देऊ नका.) सडलेली झाडं उपटली. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं तपकिरी, गिळगिळीत, बोटाने ओढलं की साल हातात येते. तेवढी मुळं कात्रीने कापून झाड नव्या मिश्रणात लावलं: लाल माती, मुरलेलं कंपोस्ट आणि पोकळी राहावी म्हणून जाड वाळू व विटांचा चुरा.

सिव्हिलची एक मैत्रीण म्हणाली, खाली खडीचा थर देऊ, ड्रेनेज होईल. आम्ही करणारही होतो, पण तिनेच कॅपिलॅरिटीचा धडा आठवून रद्द केलं. बारीक मातीतलं पाणी सहजासहजी खालच्या मोठ्या पोकळीत उतरत नाही. ओला स्पंज चाळणीवर ठेवला तर ठिबकणं थांबल्यावरही त्याचा तळ ओलाच राहतो, तसंच हे. खडीने तो ओला थर जात नाही, फक्त वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

पाण्याचा नियम आता भिंतीवर लावलाय: वार बघून नाही, बोट बघून. दोन पेरं बोट मातीत घालायचं, ओलं लागलं तर पाणी नाही. मावशींना तर बोटही लागत नाही. त्या कुंडी उचलतात आणि म्हणतात, "जड आहे, आज उपाशी." स्नेक प्लांटला पावसाळ्यात तीन-तीन आठवडे उपास घडतो आणि ते मजेत असतं. शनिवारी 'कोरडा दिवस'. सगळ्या बशा रिकाम्या करून घासायच्या, बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी बदलायचं, गळलेली पानं उचलायची. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

उरली हवा. रीडिंग रूमचा एक्झॉस्ट फॅन कबुतरं येतात म्हणून कित्येक दिवस पुठ्ठ्याने बंद केलेला होता. इलेक्ट्रिशियन दादांनी पुठ्ठा काढून बाहेरून जाळी मारली. डास आणि माकडांच्या भीतीने बंद असलेल्या समोरच्या खिडकीलाही जाळी लागली, त्यासाठी वर्गणी काढली. आता एकीकडून हवा येते, दुसरीकडून जाते, म्हणजे पातेल्यातलं पाणी वाहतं झालं. अर्थात झड लागली की खिडकी बंद करावीच लागते, आणि बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असेल तर कुंडी काय सुकणार? त्या दिवसांत पंखा चालू आणि पाणी बंद.

या सगळ्यात दोन सूचना आम्ही नाकारल्या. एक म्हणजे अगरबत्ती आणि रूम फ्रेशनर. त्याने वास जात नाही, त्याच्यावर दुसरा वास बसतो; आणि दमेकऱ्याला धूर आणि फवारा दोन्ही त्रासाचे. शिवाय कुंडी सडतेय ही खबर देणारा वासच दाबला तर कळणार कसं? दुसरी सूचना कोळशाची. करवंटीच्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, हे आम्हाला अॅड्सॉर्प्शनमध्ये आहे. पण त्यातून हवा फिरली तरच तो काम करतो, अमोनियासारखा वायू त्याला फारसा जुमानत नाही, आणि काही काळाने तो भरून जातो. चुलीतला कोळसा तर सक्रिय नसतोच. आधी वासाचं कारण काढा. कोळसा नंतरची गोष्ट.

आता निकाल. वास गेला. पण सगळ्या चौतीस कुंड्या आत राहिल्या असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन झाडं वाचली नाहीत. एकोणीस व्हरांड्यात छपराखाली गेली. तुळस आणि पुदिन्याला तशीही खोलीतली सावली मानवत नव्हती. आत राहिल्या तेरा, त्याही कोरड्यात सुखी राहणाऱ्या. कोणत्या तेरा, हे मावशी आणि पार्टनर या दोघींनी मिळून ठरवलं. दोन तास लागले. एका अरेका पामवरून वाद झाला. ते मावशींचं सगळ्यात जुनं झाड, पण त्याची मोठी कुंडी सुकायला वेळ लागायची. शेवटी मावशींनीच ते उचललं. "बाहेर त्याला पाऊस दिसेल," म्हणाल्या. आवाज थोडा बसला होता.

पार्टनर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रीडिंग रूममध्ये परत बसायला लागली, खिडकीजवळच्या टेबलावर. सलग झडीच्या दिवशी अजूनही येत नाही, आणि येऊ नये असं आम्हीही म्हणतो. गणपतीची सुट्टी संपल्यावर मॅडम आल्या, एक खोल श्वास घेतला आणि काही न बोलता मस्टरवर सही करून गेल्या. मॅडमच्या बाबतीत याला डिस्टिंक्शन म्हणतात.

यंदा जाणाऱ्या बॅचसाठी मावशींनी नवा नियम केलाय. कुंडी ठेवून जायची असेल तर भोक दाखवा, आणि एक ठेवलीत तर व्हरांड्यातली एक घरी न्या. एसटीत मावत नाही ही सबब चालणार नाही. परवा दोघी कुरकुरत तयार झाल्या. मावशी आता रोज संध्याकाळी रीडिंग रूममध्ये येतात, तेरा कुंड्या उचलून बघतात आणि जाताना खिडकीजवळच्या टेबलापाशी थांबून विचारतात, "आज श्वास कसा आहे गं?"

पार्टनर मान डोलावते, आणि मावशी पंखा एक नंबरने वाढवून जातात.